मोठ्या विमानतळाचा भार आणि मराठवाड्यातल्या दोन धावपट्ट्या

मोठ्या शहराच्या विमानतळावर विमानांची आणि प्रवाशांची दाटी झाली, की त्यातला काही भार दुसऱ्या एखाद्या लहान विमानतळाकडे वळवतात. अशा लहान विमानतळाला साहाय्यक विमानतळ म्हणता येईल. अमेरिकेत अशा विमानतळांचा स्वतंत्र सरकारी वर्गच आहे आणि त्यात टेटरबरो हे नाव सर्वांत परिचित. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनपासून वीसेक किलोमीटरवरच्या या विमानतळावरून एकही नियमित प्रवासी विमान सुटत नाही; उद्योगपतींची, कंपन्यांची खासगी विमाने तिथे उतरतात, आणि त्यामुळे शहराच्या तीन मोठ्या विमानतळांच्या धावपट्ट्या प्रवासी विमानांसाठी मोकळ्या राहतात. त्याची सर्वांत लांब धावपट्टी २,१०० मीटरच्या आसपास आहे. नांदेडची आणि लातूरची धावपट्टी प्रत्येकी २,३०० मीटर आहे.

लांबीच्या या तुलनेचा मोह पडतो, पण साहाय्यक विमानतळाची खरी कसोटी अंतराची असते. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणांहून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ हवाई अंतराने सुमारे २४५ किलोमीटर आहे; दोघांचे अंतर जवळपास सारखे निघते हा भूगोलाचा योगायोग. मुंबई लातूरपासून पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे आणि नांदेडपासून साडेचारशेच्या पुढे. इतक्या लांबून टेटरबरोसारखे काम होणार नाही. मुंबईत उतरायला आलेला उद्योगपती लातूरला उतरून मोटारीने मुंबईला जाणार नाही. मग या दोन विमानतळांनी मोठ्या विमानतळाचा भार कसा हलका करायचा? उत्तर एकच संभवते. मराठवाड्यातल्या ज्या प्रवाशाला हैदराबादला किंवा मुंबईला मुळात जायचेच नाही, केवळ विमान पकडण्यासाठी तिथे जावे लागते, त्याला घराजवळून थेट त्याच्या मुक्कामाला पोचवायचे. नांदेडने हे काही काळ, काही मार्गांवर करून दाखवले आहे. लातूरला ते अजून साधलेले नाही. या दोन्ही गोष्टींची कारणे तपासण्यासारखी आहेत.

मराठवाड्याचे हैदराबादशी नाते विमानाच्या कितीतरी आधीचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. कचेरी, न्यायालय, मोठे रुग्णालय, महाविद्यालय, सराफा, सगळ्यांसाठी वाट हैदराबादकडे जायची. राज्ये बदलली तरी रस्ते आणि रूळ तेच राहिले. नांदेडहून देगलूर, संगारेड्डीमार्गे आणि लातूरहून उदगीर, बिदर, जहिराबादमार्गे हैदराबादची वाट आजही रोजच्या वापरातली आहे. नांदेडचा रेल्वे विभाग सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत आला तोही याच नात्यामुळे. म्हणून मराठवाड्याच्या पूर्व पट्ट्यातल्या माणसाला परदेशी किंवा दूरच्या राज्यात जायचे असले, की पहिला विचार मुंबईचा नव्हे, हैदराबादचा येतो. पाच-सहा तासांचा मोटारीचा प्रवास करून शमशाबाद गाठायचे आणि तिथून पुढे उडायचे, हा इथला रिवाज झाला आहे.

नांदेडची धावपट्टी १९५८ मध्ये, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर दोनच वर्षांनी सार्वजनिक बांधकाम खात्याने तयार केली. पुढची अनेक दशके ती मुख्यत्वे मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लहान विमानांसाठी होती. तिचे रूप पालटले ते २००८ मध्ये. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला आणि त्याआधी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले, त्या घटनेला ऑक्टोबर २००८ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण होत होती. गुरु-ता-गद्दीच्या या सोहळ्याला देशविदेशातून शीख भाविक येणार म्हणून शहराच्या रस्त्यांना, घाटांना, पुलांना मोठा निधी मिळाला आणि त्याबरोबर विमानतळालाही. धावपट्टी वाढली, नवे टर्मिनल उभे राहिले, नाव ‘श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळ’ असे झाले. एका जिल्ह्याच्या गावाला मोठी विमाने उतरू शकतील असा तळ मिळाला तो तख्त सचखंड श्री हजूर साहिबामुळे. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू बांधवली. नांदेडच्या विमानसेवेचा विचार या वास्तूला वगळून करताच येत नाही.

लातूर हा जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा निघाला. शहरापासून बाराएक किलोमीटरवर चिंचोलीराववाडीच्या माळावर १९९१ मध्ये तिथली धावपट्टी बांधली गेली. तीही आधी बांधकाम खात्याकडे होती, मग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना तिचा विस्तार झाला. २००८ मध्ये किंगफिशरच्या एटीआर विमानांनी नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी मुंबईची सेवा सुरू केली. त्या काळी राज्यात आणि केंद्रात या दोन जिल्ह्यांचे वजन होते: विलासराव मुख्यमंत्री, त्यांच्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत लातूरचे शिवराज पाटील केंद्रात गृहमंत्री. दोन्ही शहरांना एकाच वेळी विमान मिळण्यात या वजनाचा वाटा होता हे उघड आहे. पण प्रवासी संख्येवर न उभी राहिलेली सेवा टिकत नाही. लातूरची सेवा अल्पायुषी ठरली आणि २०१२ मध्ये किंगफिशर कंपनीच बंद पडली.

दरम्यान २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ रिलायन्स समूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. पाचांचे मिळून मोल ६३ कोटी रुपये ठरले होते. भाडेपट्टा इतका दीर्घ आणि पाचही ठिकाणी वाहतूक अत्यल्प, अशा स्थितीत खासगी चालकाला पैसे गुंतवण्याचे कारण उरत नाही. विमाने नाहीत म्हणून गुंतवणूक नाही आणि गुंतवणूक नाही म्हणून विमाने येत नाहीत, या फेऱ्यात हे विमानतळ अडकले. राज्य सरकारने ते परत ताब्यात घेण्याची भाषा त्यानंतर अनेकदा केली.

आता मोठ्या विमानतळाच्या बाजूने पाहू. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या एका वाटेवरून २०२३-२४ मध्ये पाच कोटींहून अधिक प्रवासी गेले-आले. तासाला ४६ विमानांची ये-जा इथे नेहमीची झाली होती. विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात आणि वेळापत्रक कोलमडते म्हणून २०२४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने गर्दीच्या वेळी ही संख्या ४४ वर आणि इतर वेळी ४२ वर आणायला लावली. खासगी विमानांना ठरावीक तासांत पूर्ण मज्जाव केला, आणि त्या तासांची संख्याही वाढवली. ज्या धावपट्टीवर साधारण दीड मिनिटाला एक विमान चढते किंवा उतरते, तिथे प्रत्येक विमानाला नेमून दिलेली वेळ, म्हणजे स्लॉट, ही सर्वांत दुर्मीळ वस्तू असते. जुन्या मार्गांवरच्या कंपन्या ती सोडत नाहीत आणि नव्या, लहान कंपन्यांना मिळते ती पहाटेची किंवा रात्रीची, ज्या वेळी जिल्ह्याच्या गावाहून कोणी यायला तयार नसते.

इथेच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सहसा नजरेआड राहणारा मुद्दा येतो. नांदेडहून मुंबईला सत्तर आसनांची एटीआर सुरू झाली, तर मुंबईचा भार हलका होतो की वाढतो? वाढतो. एटीआर उतरायला तितकाच स्लॉट घेते जितका एकशेऐंशी आसनांची एअरबस ए-३२० घेते. उलट थोडा जास्तच. उतरताना एटीआरचा वेग ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर असतो, मागून येणाऱ्या जेट विमानाचा अडीचशेच्या घरात. त्यामुळे दोघांमध्ये जास्त अंतर ठेवावे लागते. शिवाय मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे उठतात, त्यांत लहान विमान हेलकावू नये म्हणून त्यालाही मागे धरावे लागते. म्हणजे जिल्ह्याच्या गावाला मुंबईशी जोडणारे प्रत्येक लहान विमान जिल्ह्याची सोय करते आणि मुंबईची अडचण वाढवते. मुंबईला ज्याचे काम आहे अशा प्रवाशासाठी ही सेवा हवीच. पण तिला मोठ्या विमानतळाचा भार हलका करणारी सेवा म्हणणे चुकीचे ठरेल. नांदेड-हैदराबाद सेवेलाही हेच लागू पडते. फरक इतकाच, की हैदराबादच्या विमानतळावर मुंबईच्या मानाने अधिक सवड आहे.

या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला धावपट्टीचे गणित येते. विमानतळाची क्षमता टर्मिनलच्या काचा-फरशांवर ठरत नाही. धावपट्टीची लांबी, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तिथला उन्हाळा या तीन गोष्टी ती ठरवतात. हवा उंचीवर विरळ असते आणि तापली की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला जास्त धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ढोबळ नियम असा, की दर ३०० मीटर उंचीमागे धावपट्टी ७ टक्क्यांनी वाढवावी आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश तापेल तितके टक्के आणखी वाढवावी. लातूरचा तळ सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश सेल्सिअस, आणि मे महिन्यात दुपारी ४० अंश सहज होतात. म्हणजे उंचीसाठी १५ टक्क्यांच्या आसपास आणि तापमानासाठी २९ टक्के. दोन्ही गुणल्यावर लातूरची २,३०० मीटरची धावपट्टी मेच्या दुपारी समुद्रकाठच्या थंड हवेतल्या साडेपंधराशे मीटरच्या धावपट्टीइतकीच कामाची उरते. नांदेड गोदाकाठी, पावणेचारशे मीटरच्या आसपास. तिथे हाच हिशेब साडेसोळाशे मीटरच्या घरात जातो.

पूर्ण भरलेल्या एटीआर ७२ ला प्रमाण हवेत तेराशे मीटरच्या आसपास धावपट्टी लागते. तिला दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यातही अडचण नाही. पूर्ण वजनाच्या ए-३२० ला मात्र प्रमाण हवेतच दोन हजार मीटरच्या आसपास लागतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी असे विमान या धावपट्ट्यांवरून काढायचे तर इंधन कमी भरावे लागेल किंवा आसने रिकामी ठेवावी लागतील. पहाटे आणि हिवाळ्यात हे बंधन बरेच सैल होते. मराठवाड्यातून लांबच्या मार्गावर जाणारे विमान सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर काढणे शहाणपणाचे, ते यासाठी. सूर्यास्तानंतर काढायचे तर धावपट्टीवर दिवे हवेत, हवामानाची नोंद करणारी माणसे हवीत, मनोऱ्यात नियंत्रक हवा. ‘नाइट लँडिंग’ची जी मागणी लहान शहरांतून सतत होते, तिच्यामागे व्यापाऱ्यांच्या सोयीइतकेच हे भौतिकशास्त्रही आहे.

अग्निशमनाचेही असेच आहे. विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाला अग्निशमनाचा दर्जा राखावा लागतो. २७ मीटर लांबीच्या एटीआर ७२ साठी पाचवा दर्जा पुरतो, तर ३२ मीटरच्या आतबाहेरच्या एम्ब्रेअर १७५ ला सहावा. साडेसदतीस मीटरची ए-३२० सुद्धा सहाव्यातच बसते. म्हणजे ७६ आसनांच्या एम्ब्रेअरसाठी बंब, पाणी, फेस आणि माणसे यांची जी तयारी लागते, तीच दुपटीहून जास्त आसनांच्या ए-३२० ला चालते. एकदा हा दर्जा मिळवला आणि टिकवला, की मोठ्या विमानाचे दार अर्धे उघडते. टिकवणे हे खरे अवघड काम. दिवसाला दोन विमाने असोत की वीस, बंबावरची पाळी तशीच लागते, आणि दोन विमानांच्या उत्पन्नातून ती परवडत नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान योजना आणली. मोठ्या मार्गांवरच्या विमानांच्या फेऱ्यांवर आकार बसवायचा, त्या पैशांतून लहान मार्गांवर होणारा तोटा कंपनीला भरून द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात कंपनीने निम्मी आसने सवलतीत, तासाभराच्या उड्डाणाला सुमारे २,५०० रुपयांच्या मर्यादेत विकायची, अशी तिची घडण. तुटीचा पाचवा हिस्सा राज्याने सोसायचा. शिवाय या विमानतळांवर विमानाच्या इंधनावरचा कर राज्याने एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन जवळजवळ फुकट पुरवायचे. योजनेचा अर्थ नीट पाहिला तर मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडच्या प्रवाशाचे भाडे काही अंशी भरावे असा आहे. तो न्याय्य आहे. मोठ्या विमानतळांभोवती जी संपत्ती गोळा झाली, ती सगळ्या देशाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतून झाली आहे.

नांदेडचा या योजनेतला मान पहिल्या रांगेतला. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून योजनेच्या पहिल्या उड्डाणांना हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा सिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्याबरोबर नांदेड-हैदराबाद हा तिसरा मार्ग होता. विमान हैदराबादच्या ट्रुजेट कंपनीचे, एटीआर ७२. पुढे त्याच कंपनीने मुंबईही जोडली. सेवा चालली, लोकांनी वापरली, पण तुटीची भरपाई तीन वर्षांपुरतीच होती. त्यात २०२० ची महासाथ आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रुजेटची उड्डाणे थांबली आणि हैदराबादचा प्रवासी पुन्हा देगलूरच्या रस्त्याला लागला.

ट्रुजेटच्या फेऱ्यांपेक्षा नांदेडचे वेगळेपण दाखवणारी सेवा होती एअर इंडियाची. डिसेंबर २०१७ मध्ये तिने अमृतसर-नांदेड थेट विमान सुरू केले आणि पुढे दिल्ली आणि चंदीगडही जोडले. सचखंड एक्स्प्रेसने नांदेडहून अमृतसरला जायला दीड दिवस लागतो. हवाई अंतर चौदाशे किलोमीटर, जेट विमानाला अडीच तास पुरतात. त्याआधी विमानाने यायचे म्हटले तर अमृतसरचा भाविक दिल्ली किंवा मुंबई करत हैदराबादला येई आणि तिथून मोटारीने नांदेडला. म्हणजे एका माणसाच्या एका यात्रेसाठी दोन महानगरांच्या सुरक्षा तपासणीच्या रांगा, दोन टर्मिनले आणि जाता-येता विमानातली चार आसने खर्ची पडत. थेट सेवेने ही सगळी जागा मोकळी केली. मोठ्या विमानतळाचा भार हलका होणे म्हणतात ते हे. नांदेडने हैदराबादसाठी ते अडीचशे किलोमीटरवरून केले. भाविकांचा ओघ बारमाही असतो, होला मोहल्ला, दसरा, दिवाळी अशा दिवसांत दुणावतो आणि दोन्ही दिशांनी वाहतो. विमान कंपनीला याहून चांगले गिऱ्हाईक लहान शहरात मिळत नाही.

हाच धागा ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने उचलला. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या या कंपनीने ७६ आसनांच्या एम्ब्रेअर १७५ विमानाने बंगळुरू, नांदेड, दिल्लीजवळचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर अशी साखळी बांधली. या साखळीतली नावे लक्ष देऊन वाचण्यासारखी आहेत. गाझियाबादचे हिंडन हा मूळ हवाई दलाचा तळ. दिल्लीच्या विमानतळावर उडानच्या विमानांना जागा मिळेना म्हणून २०१९ मध्ये तिथे नागरी टर्मिनल उभारले. आदमपूरही हवाई दलाचाच तळ, आणि दोआबातल्या भाविकाला अमृतसरपेक्षा जवळचा. म्हणजे दिल्लीचा भार घेणारा एक साहाय्यक विमानतळ आणि हैदराबादचा भार घेणारा दुसरा, असे दोघे मुख्य विमानतळांना न शिवता एकमेकांशी जोडले गेले. लहान विमानतळांचे जाळे असावे ते असे.

हिंडनच्या बाबतीत एक कायदेशीर अडचण सोडवावी लागली होती, आणि तीच अडचण मराठवाड्याच्या शेजारीही आली. खासगी भांडवलातून मोठा विमानतळ बांधून घेताना सरकारने कंपनीला संरक्षण दिले होते. हैदराबादच्या करारात शमशाबादपासून १५० किलोमीटरच्या आत पंचवीस वर्षे नवा नागरी विमानतळ होऊ नये असे कलम आहे. बिदर या वर्तुळात येते. त्यामुळे तिथले टर्मिनल तयार असूनही वर्षानुवर्षे बंद राहिले आणि शमशाबादच्या चालक कंपनीची संमती मिळाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये पहिले विमान उतरले. नांदेड आणि लातूर २४५ किलोमीटरवर, म्हणजे वर्तुळाच्या पुष्कळ बाहेर. त्यांना असे बंधन कधीच नव्हते. जी मोकळीक बिदरला झगडून मिळवावी लागली, ती या दोघांना भूगोलाने आयती दिली होती.

मग लातूर मागे का राहिले? पहिले कारण शेजार. लातूरच्या धावपट्टीपासून शंभर ते दीडशे किलोमीटरच्या आत नांदेड, बिदर, सोलापूर आणि कलबुर्गी असे चार विमानतळ आहेत. कलबुर्गीला २०१९ मध्ये तीन किलोमीटरहून लांब धावपट्टीचा विमानतळ सुरू झाला, सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान उडू लागले. प्रवाशांचा जो साठा लातूरने गोळा करायचा, तो चारी बाजूंनी वाटला जातो. निलंग्याचा माणूस बिदरकडे वळू शकतो, अहमदपूरचा नांदेडकडे. दुसरे कारण प्रवाशाच्या प्रकारात आहे. लातूरची कीर्ती दोन गोष्टींची: तूर-सोयाबीनची बाजारपेठ आणि शिक्षणातला लातूर पॅटर्न. राज्यभरातून हजारो विद्यार्थी इथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीला येतात. पण ते आणि त्यांचे पालक एसटीने, रेल्वेने, मोटारीने येतात. वर्षातून तीन-चार खेपा करणाऱ्या मध्यमवर्गीय पालकाला विमानाचे भाडे पेलत नाही. डाळीचा व्यापार फोनवर होतो आणि माल मालगाडीने, ट्रकने जातो. हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. तो पूर्ण क्षमतेने चालू लागला, त्याभोवती पुरवठादार आले, तर अभियंत्यांची आणि अधिकाऱ्यांची ये-जा वाढेल. आजमितीला बारमाही, दोन्ही दिशांनी वाहणारा ओघ लातूरकडे नाही. आणि मुंबईला जायला रात्रीची लातूर एक्स्प्रेस आहे, जी संध्याकाळचे जेवण करून निघालेल्या माणसाला सकाळी कामाच्या वेळेला पोचवते. तिच्याशी विमानाची स्पर्धा सोपी नाही. नांदेडलाही मुंबईच्या मार्गावर रेल्वेची स्पर्धा आहे. जालन्याहून सुटणारी वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली आणि साडेनऊ तासांच्या आसपास मुंबई गाठू लागली. रेल्वेपुढे विमान टिकते ते अमृतसरसारख्या, दीड दिवसाच्या अंतरावर.

लातूरच्या धावपट्टीला दुसरे काम देता येईल. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते. ते मोठ्या विमानतळावर शक्य नसते, कारण शिकाऊ विमान दिवसभर उतरते-चढते, घिरट्या घालते. मुंबईत जुहूला १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने मुंबईच्या आकाशात दाटी झाल्यावर आपले प्रशिक्षण धुळ्याला हलवले. गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, शिरपूरला प्रशिक्षण चालते. मोकळे आकाश, वर्षातले आठ महिने कोरडी हवा आणि लहान विमानाला हवी त्याच्या दुप्पट धावपट्टी, हे सगळे लातूरकडे आहे. प्रशिक्षण संस्थेमुळे इंधनाचा साठा, हवामान नोंदणी आणि बंबाची पाळी रोज चालू राहते, आणि तळ जागता राहिला तर उद्या प्रवासी विमानही आणता येते. बंद पडलेल्या तळावर मात्र गवत वाढते, कुंपण तुटते, गुरे शिरतात आणि परवान्यासाठी सगळी तयारी पहिल्यापासून करावी लागते.

दोन्ही शहरांच्या राजकारणात एकमेकांशी चढाओढ जुनी आहे. २००९ मध्ये महसूल विभागाचे आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून रस्त्यावर आंदोलने झाली. विमानाच्या बाबतीत ही चढाओढ दोघांनाही महाग पडते. सव्वाशे किलोमीटरच्या हवाई अंतरावर दोन लहान विमानतळांनी तेच मार्ग, त्याच वेळा मागितल्या तर दोन्हींकडची विमाने अर्धी रिकामी उडतील. नांदेडने उत्तर भारताची थेट उड्डाणे आणि त्यांना लागणारी ए-३२० ची तयारी यांवर भर द्यावा, लातूरने प्रशिक्षण, रुग्णवाहिका विमाने आणि पुण्या-मुंबईच्या लहान विमानांवर, ही विभागणी भूगोलाला आणि प्रवाशांच्या ओघाला धरून आहे. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने मुंबई परिसरात लहान विमानांना सोयीच्या वेळेचे स्लॉट मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे.

ही विभागणी साधण्यासाठी तीन निर्णय राज्य सरकारच्या हातात आहेत: २००९ च्या भाडेपट्ट्याचा निकाल कायमचा लावणे, दोन्ही तळांवर अग्निशमन आणि नियंत्रण यांची माणसे विमानांच्या संख्येवर न ठेवता कायम नेमणे, आणि उडानची तीन वर्षे संपल्यावर थेट, महानगरांना वगळून जाणाऱ्या मार्गांना राज्याच्या तिजोरीतून आणखी काही वर्षे भरपाई देणे. यातला पहिला निर्णय लांबला तर उरलेल्या दोघांना अर्थ राहणार नाही.